चातुर्मासाचा एक नवा नेम

आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंतच्या चातुर्मासात श्रद्धाळू घरांतून काही ना काही नेम धरला जातो. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी एकभुक्त राहतो, कोणी नित्य पोथी वाचतो. हे सर्व नेम स्तुत्यच होत. तथापि त्यांच्या जोडीला आणखी एक नेम घ्यावा, असे आम्हांस आग्रहाने सुचवावेसे वाटते : घरी एकट्या राहणाऱ्या एका तरी वृद्धास रोज ठरल्या वेळी दूरध्वनी करावा.

दूरध्वनीचा आणि धर्माचा संबंध काय, असे कोणी विचारील. विष्णुपुराणात गृहस्थाचे आचार सांगताना, भोजनापूर्वी त्याने गाईची धार काढण्यास लागेल तेवढा वेळ अंगणात अतिथीची वाट पाहावी, असे म्हटले आहे. आपल्या मुखी घास जाण्याआधी उंबरठ्यापलीकडच्या माणसाची आठवण व्हावी, हे त्याचे मर्म. आज अंगणे गेली, सदनिका आल्या. ज्याची विचारपूस व्हावी तोच बंद दाराआड बसला आहे. जोडीदार निवर्तलेला, मुले परगावी वा परदेशी. अंगणात उभे राहण्याचा तो वेळ आता त्याला द्यावा. वेळ तेवढाच लागतो.

रोजच का, यालाही कारण आहे. वृद्ध माणूस न्हाणीघरात घसरला, तर पडण्याइतकेच पडून राहणे घातक ठरते. तासन्‌तास फरशीवर राहिल्यास शरीरातील पाणी घटते, स्नायूंना व मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. शासनाने काहीच केले नाही, असे नव्हे. ज्येष्ठांसाठी २००७ साली कायदा झाला. एकट्या ज्येष्ठांची यादी पोलिस ठाण्याने ठेवावी व महिन्यातून एकदा तरी त्यांची भेट घ्यावी, असे त्याच्या केंद्रीय नमुना नियमांत आहे. २०२१ पासून १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. परंतु महिन्याची भेट ती महिन्याची. आणि जो उठूच शकत नाही, त्याने क्रमांक फिरवावा कसा?

नेम म्हटला की विधी आलाच. वेळ एकच ठरवावी. उत्तर न आल्यास पंधरा मिनिटांनी पुन्हा करावा. तरीही मौन, तर ज्याच्याकडे दुसरी किल्ली ठेवली आहे त्या शेजाऱ्यास पाठवावे. गरज पडताच ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवावा. पैशांची, बँकेची गोष्ट मात्र या संभाषणात कधीही आणू नये. त्यामुळे तसे विचारणारा परका आवाज वृद्धांना चटकन ओळखू येईल.

‘मला काय धाड भरली आहे?’ असे मानी वृद्ध म्हणतील. त्यांचा मान राखावा. त्यांच्याकडेच दुसऱ्या एकट्या माणसाची विचारपूस सोपवावी. ज्याची कोणी वाट पाहते, त्याला सकाळी उठण्यास कारण मिळते.

पुंडलिकाने माता-पित्यांच्या सेवेसाठी दारी आलेल्या देवासही विटेवर उभे केले, आणि देव रुष्ट झाला नाही, उभाच राहिला. तेव्हा, वाचकहो, एखाद्या आजींची चौकशी करताना आपली आरती पाच मिनिटे लांबली, तर पांडुरंग खचित थांबेल. त्याला थांबण्याची सवय आहे. न्हाणीघरात पडलेल्या माणसाला तेवढी सवड नसते.