शिक्षकांचे बंधुसंघ

घोडनदीच्या व भीमेच्या कांठचीं, म्हणजे शिरूर-दौंडकडचीं, कांहीं मुलेंमुली शाळा संपल्यावर अध्यापनाच्या अभ्यासक्रमाकडे वळतात, आणि तेथें एखादें मंडळ काढण्याची हौस त्यांस साहजिकच होते. मंडळ अवश्य काढावें. परंतु त्याचें दार कोणास उघडें राहील, हें आधीं ठरवावें असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंत इंडियाना विद्यापीठांत १९०६ सालीं शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा एक बंधुसंघ निघाला. तो १९१० सालीं इतर संघांशीं एक होऊन ‘फाय डेल्टा कॅपा’ या नांवानें प्रसिद्धीस आला. संशोधन, सेवा व नेतृत्व हीं त्याचीं ध्येयें. परंतु त्याच्या घटनेंतील वर्णभेदाचें कलम १९४२ पर्यंत टिकलें, आणि स्त्रियांस प्रवेश मिळावयास १९७४ साल उजाडावें लागलें! ज्या देशांत शाळा मुख्यत्वें शिक्षिकांनींच चालविल्या, तेथें ही स्थिति.

आपल्याकडील थोर उदाहरण म्हणजे १८८४ सालची डेक्कन एज्युकेशन सोसायटी. तिचे आजीव सभासद वीस वर्षें अल्प वेतनावर शिकविण्याचें बंधन स्वखुषीनें पतकरीत. नामदार गोखले यांनीं तें दरमहा ७५ रुपयांवर पाळलें. वेतन व बाहेरची मिळकत यांवरून तेथें कडाक्याचे वाद झाले, आणि १८९० सालीं टिळक बाहेर पडले. पुष्कळांस हें लांच्छन वाटतें. आम्हांस वाटत नाहीं. बंधूंनीं पैशाविषयीं तोंडावर बोलावें, हेंच बरें.

मात्र तो संघहि पुरुषांचाच होता. त्याच संघांत १८९२ सालीं आलेल्या अण्णासाहेब कर्वे यांनीं पुढील वर्षीं शारदासदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशीं पुनर्विवाह केला. शारदासदन पंडिता रमाबाईंचें. अमेरिकेंत बालोद्यानपद्धति स्वतः शिकून येऊन त्यांनीं १८८९ सालीं तें मुंबईस उघडलें, मग पुण्यास नेलें. पुढें त्यांचें कार्य आपल्याच दौंड तालुक्यांत केडगांवीं स्थिरावलें. १९०८ सालीं कर्व्यांनीं निष्काम कर्ममठ स्थापिला, तेव्हां सेवाव्रत घेणारांत स्त्रियाहि होत्या. अमेरिकेच्या साठाहून अधिक वर्षें आधीं!

म्हणून नवें मंडळ काढणारांस आमची सूचना एवढीच, कीं नांव व बिल्ला यांचा विचार मागाहून व्हावा. पहिल्याच सभेंत वर्गणी किती, ती न देऊं शकणाराचें काय, हिशेब कोण तपासणार व चिटणीसपदीं कोणती मुलगी राहणार, एवढें लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्या.