प्रतिपक्षाचे म्हणणे

पडद्यावर केलेले भाषण हे भाषणच नव्हे, असे आपल्या शाळेतील अनेक जाणत्या मंडळींचे मत आहे. आपल्या ऑनलाईन वादविवाद मंडळाचे काम पुढील वर्षापासून थांबवावे आणि पूर्वीप्रमाणे केवळ सभागृहातील वक्तृत्वस्पर्धा भरवाव्यात, अशी सूचना यंदा पुढे आली आहे. मी या मंडळाची दोन वर्षांची सभासद आहे. तेव्हा माझे मत निःपक्षपाती आहे, असा दावा मी करणार नाही. परंतु ज्या मंडळाने मला प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घ्यावयास शिकविले, त्याची बाजू मांडताना मी प्रथम विरुद्ध बाजूच मांडली पाहिजे. तसे न केल्यास माझी दोन वर्षे व्यर्थ गेली, असेच म्हणावे लागेल.

ज्यांना मंडळाचा परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. २०२० सालच्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी झाली आणि शाळांना कुलुपे लागली. त्या दिवसांत आमच्या सरांनी शनिवारी सायंकाळी मुलांना मोबाईलच्या पडद्यावर एकत्र बोलावून वादविवाद सुरू केले. पुढे बेळगाव, इंदूर व हैदराबाद येथील काही मराठी मुलेही येऊ लागली. शाळा उघडल्या, तरी ही शनिवारची सभा मोडली नाही. कारण बेळगावच्या मुलीने दर आठवड्यास बडोद्याच्या सभागृहात येणे शक्य नव्हते. विषय आठ दिवस आधी कळतो. बाजू कोणती, हे मात्र चिठ्ठी टाकून ठरते. प्रत्येकास चार मिनिटे मिळतात. आणि एक नियम असा आहे की, उत्तर देणाऱ्याने प्रथम प्रतिपक्षाचा मुख्य मुद्दा एका वाक्यात सांगावा, प्रतिपक्षाने "होय, हेच माझे म्हणणे" असे म्हणावे, आणि मगच उत्तरास आरंभ व्हावा.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप असा की, वक्तृत्व ही समोरासमोरची कला आहे. श्रोत्यांच्या चेहऱ्यावरील भाव पाहून वक्ता आपला स्वर चढवितो वा उतरवितो. पडद्यावर त्याला कॅमेऱ्याच्या काळ्या ठिपक्याकडे पाहून बोलावे लागते. दुसरा आक्षेप असा की, पडद्यावर लबाडी सोपी होते. मोबाईलच्या मागे भिंतीला कागद चिकटवून सबंध भाषण वाचून दाखविले, तरी परीक्षकाला ते कळतेच असे नाही. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातील मुलाने या मंडळात कसे यावे?

यांपैकी पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. गेल्या वर्षी मी सभागृहात प्रथमच उभी राहिले, तेव्हा माझे पाय कापत होते आणि आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे गेला नाही. पडद्याने मला ते शिकविले नव्हते. तथापि व्यासपीठही सर्व काही शिकविते असे नाही. आपल्या स्पर्धांतून भाषण पाठ करून येणारे किती असतात, हे आपण सर्व जाणतो. हातवारे ठरलेले, टाळीचे वाक्य ठरलेले. आधीचा वक्ता काय बोलला याच्याशी आपला काही संबंध आहे, असे पुष्कळांच्या गावीही नसते. एकामागून एक दहा भाषणे होतात, पण त्या दहांत वाद एकही होत नाही.

पडद्यावर टाळी नाही. इतरांचे आवाज म्यूट असतात. मध्येच बोलू गेल्यास दोघांचेही शब्द तुटतात, म्हणून निमूटपणे थांबावे लागते. आरंभी मला हे फार जड गेले. टाळीशिवाय वाक्य पोचले की नाही, हे कळेना. पुढे ध्यानात आले की, टाळीसाठी योजलेले वाक्य येथे निरुपयोगी ठरते आणि हाती केवळ मुद्दा उरतो. शिवाय चार मिनिटे प्रतिपक्षाचे म्हणणे टिपून घेतले नाही, तर पुढील एक वाक्यही बोलता येत नाही.

शब्द वक्त्याला सोडून दूर जातो, ही काही आजची गोष्ट नव्हे. १८५८ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सिनेटच्या जागेसाठी अब्राहम लिंकन व स्टीफन डग्लस यांच्यात गुलामगिरीच्या प्रश्नावरून सात जाहीर वादसभा झाल्या. प्रत्येक सभा तीन तासांची असे. एकाने साठ मिनिटे बोलावे, दुसऱ्याने नव्वद मिनिटे उत्तर द्यावे आणि पहिल्याने पुन्हा तीस मिनिटे प्रत्युत्तर करावे, असा क्रम होता. समोर हजारो श्रोते असत. परंतु लघुलेखकांनी ती भाषणे टिपली, वृत्तपत्रांनी ती छापली, आणि ज्यांनी त्या दोघांना कधी पाहिले नव्हते, त्यांनीही ती वाचून आपले मत बनविले. सिनेटची जागा डग्लस यांना मिळाली. १८६० साली ही भाषणे पुस्तकरूपाने निघाली आणि त्याच वर्षी लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. आजही अमेरिकेतील शाळांत दोघांमधील वादविवादाच्या एका प्रकाराला लिंकन-डग्लस हेच नाव आहे. तेथील आणखी एका प्रकारात नाणे उडविले जाते आणि त्यावरून कोणी कोणत्या बाजूने व कोणत्या क्रमाने बोलावे, हे ठरते. तेथे १९२५ सालापासून शालेय वादविवादाचे कार्य करणारी एक राष्ट्रीय संस्था आहे. तिने २०२० साली आपली राष्ट्रीय स्पर्धा पडद्यावरच भरविली.

चिठ्ठीने बाजू ठरविणे हे पुष्कळांना खोटेपणाचे वाटते. जे मनापासून पटत नाही, ते मुलांनी आवेशाने का बोलावे? मलाही पूर्वी असेच वाटे. माझे मत का बदलले, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिण्यास मी प्रवृत्त झाले.

गेल्या वर्षी एका शनिवारचा विषय होता : "माध्यमिक शिक्षण मातृभाषेतूनच घेणे हिताचे आहे." ही चिठ्ठी आपल्याला अनुकूल निघणार, असे मी धरूनच चालले होते. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली ज्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण आणले, त्या संस्थानच्या राजधानीत मी राहते, मराठी शाळेत शिकते; माझे भाषण जणू तयारच होते. चिठ्ठी उघडली आणि मला विरुद्ध बाजू आली.

त्याच सुमारास आमच्या घरी माझ्या धाकट्या भावाच्या प्रवेशाची चर्चा चालू होती. आईच्या मनात त्याला इंग्रजी शाळेत घालावयाचे होते. मला त्याचा राग होता आणि या विषयावर मी तिच्याशी धड बोलतही नव्हते. परंतु आता मला मुद्दे हवे होते. मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि आईला विचारले, "तुला इंग्रजी शाळा का हवी, ते मला नीट सांग. मी मध्ये बोलणार नाही."

आईने पोळ्या लाटता लाटता सांगितले ते असे. तिचे शिक्षण याच शहरात मराठी माध्यमातून झाले. विज्ञानशाखेत गेल्यावर पहिले वर्षभर ती मागच्या बाकावर बसली. शिकविलेले तिला कळत असे. परंतु शंका आली, तर ती इंग्रजीत कशी विचारावी, हे सुचत नसे. वाक्य मनात जुळवीपर्यंत प्राध्यापक पुढच्या धड्याकडे वळलेले असत. त्या सबंध वर्षात तिने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. "मला उत्तरे येत होती ग," ती म्हणाली, "प्रश्न विचारता येत नव्हते." ही हकीकत तिने आम्हाला पूर्वी कधीही सांगितली नव्हती, आणि खरे म्हणजे मी तिला कधी विचारलेही नव्हते.

त्या शनिवारी मी आईचे नाव न घेता तिचा मुद्दा मांडला. माझ्या विरुद्ध बेळगावची एक मुलगी होती. तिने नियमाप्रमाणे माझे म्हणणे एका वाक्यात सांगितले : "ज्याला प्रश्न विचारता येत नाही, त्याचे ज्ञान त्याच्यापाशीच कोंडून राहते, असे तुमचे म्हणणे आहे." हे वाक्य माझ्या चार मिनिटांहून सरस होते. मी "होय" म्हटले. मग ती म्हणाली की, हा दोष मराठीचा नसून इंग्रजी ही भाषा म्हणून कच्ची शिकविल्याचा आहे. बोलावयास न शिकविता केवळ उतारे पाठ करविले, तर दुसरे काय होणार? आणि ज्या मुलाला स्वतःच्या भाषेतही प्रश्न विचारण्याची सवय लागली नाही, तो कोणत्याही भाषेत गप्पच बसेल. मजजवळ याचे उत्तर नव्हते. परीक्षकांनी तिला विजयी ठरविले आणि ते योग्यच होते.

हा वाद जिंकला असता, तर मला कदाचित इतका आठवला नसता. प्राचीन न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणण्यासाठी होतो तो वाद, केवळ जयासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे खोडून काढीत राहणे ही वितंडा. घरी आईशी माझे जे चालले होते, तो जल्पही नव्हता; मी केवळ वितंडा घालीत होते. चिठ्ठीने मला बळेच प्रतिपक्षाच्या जागी बसविले, तेव्हा कोठे मी वादापर्यंत आले.

पुढे काय झाले, असे कोणी विचारील. माझा भाऊ इंग्रजी शाळेत जातो. मला तो निर्णय त्या वेळी पटला नव्हता आणि आजही पटत नाही. बेळगावच्या मुलीचे उत्तर मी आईला सांगितले. तिने ते लक्षपूर्वक ऐकले आणि आपले मत कायम ठेवले. तथापि भावाला मराठी वाचावयास शिकविण्याचे काम तिने माझ्यावर सोपविले आहे आणि रविवारी सकाळी आम्ही दोघे पुस्तक घेऊन बसतो. मतभेद मिटला नाही, पण अबोला मिटला.

आता दुसऱ्या व तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर देणे प्राप्त आहे. वाचून दाखविण्याच्या लबाडीवर आमचा नियमच काही अंशी उपाय आहे; कारण प्रतिपक्षाचा मुद्दा आधी लिहून ठेवता येत नाही. तरीही पहिले भाषण वाचून दाखविणारे निघतातच. म्हणून केवळ टिपणांचा एकच लहान कागद जवळ असावा आणि तो आरंभी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवावा, असे मी सुचविते. मोबाईल नसणाऱ्या विद्यार्थ्यांविषयीच्या आक्षेपाला मात्र केवळ युक्तिवादाने उत्तर देता येणार नाही. माझ्या वर्गातील एक मुलगा माझ्याहून चांगला बोलतो. घरचा मोबाईल शनिवारी मिळत नाही, म्हणून तो मंडळात नाही. यावर मंडळ बंद करणे हा उपाय नव्हे, तर शाळेचे दार उघडणे हा आहे. शनिवारी सायंकाळी दोन तास आपली संगणकाची खोली उघडी ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे. खोली आहे, यंत्रे आहेत. प्रश्न केवळ किल्लीचा आणि कोणा एका शिक्षकांच्या दोन तासांचा आहे. ही सोय होणारच नसेल, तर मंडळावरील हा आक्षेप खरा आहे, हे मी मान्य करीन.

त्याचप्रमाणे वर्षातून एकदा तरी मंडळातील मुलांनी आपल्या सभागृहात उभे राहून बोलावे, म्हणजे पायांना व आवाजालाही शिक्षण मिळेल. व्यासपीठ मोडून पडदा लावावा, असे मी म्हणत नाही. परंतु चिठ्ठीने येणारी बाजू आणि प्रतिपक्षाचे म्हणणे आधी सांगण्याचा नियम, या दोन गोष्टी आपल्या व्यासपीठावर पूर्वी नव्हत्या. त्या पडद्यावरच्या सभेने आणल्या. मंडळ बंद झाल्यास त्या टिकतील, याची हमी कोण देणार?

ज्यांना मंडळ नको आहे, त्यांचे म्हणणे मी वर मांडले आहे. ते बरोबर मांडले गेले नसेल, तर त्यांनी मला अवश्य सांगावे. "होय, हेच आमचे म्हणणे" असे त्यांनी म्हटले, तरच माझ्या उत्तराचा विचार व्हावा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता दहावी