नांगर आमचा, शेतकी कॉलेज कोणाचे?

आषाढात आमच्या हिर्डोशीच्या खाचरांतून भातलावणीचा चिखल तुडविणे चालू असते, आणि त्याच सुमारास कृषी विद्यापीठांच्या प्रवेशाच्या याद्या लागू लागतात. चिखलात उभी आहेत ती पोरे कोणाची आणि यादीत आहेत ती कोणाची, हा प्रश्न आम्ही आज उघडपणे विचारणार आहोत. कोणास राग आल्यास त्याने तो खुशाल धरावा.

यादीत शेतकऱ्यांची मुले नसतात असे आमचे म्हणणे नाही. असतात. पण ती कोणत्या शेतकऱ्यांची? ज्याच्या बांधाशी पाटाचे पाणी आहे, ज्याचा ऊस कारखान्यास जातो, ज्यास मुलगा दहावी होताच पुण्यास खोली घेऊन देता येते, त्याची. डोंगराच्या पोटातला भातकरी, वरकशीवर नाचणी-वरई काढणारा कुणबी, धनगरवाड्यावरचा धनगर, कातकरवाडीतला कातकरी, गावकुसाबाहेर ठेवला गेलेला मजूर, आणि ज्याने आजवर सर्वांचे नांगर घडविले तो सुतार-लोहार, यांची मुले त्या यादीत दिवा लावून शोधावी लागतात. शेतकरी हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्याच्या सावलीत शंभर एकरवालाही बसतो आणि दहा गुंठेवालाही बसतो. पान वाढावयाची वेळ आली म्हणजे मात्र पहिला पाटावर असतो आणि दुसरा उष्टी काढावयास असतो.

आमच्या खोऱ्याचीच गोष्ट घ्या. नीरा देवघरचे धरण आमच्या उंबऱ्याशी आहे. पावणेबारा टीएमसीच्या आसपास पाणी त्यात साठते. त्या पाण्याखाली आमची खाचरे गेली, घरे गेली. पाणी खाली खंडाळा, फलटण, माळशिरस या अंगास जावे म्हणून ते धरण झाले. जावो बापडे, तहानलेल्यास पाणी नाकारणे ही मावळची रीत नव्हे. पण त्या पाण्याच्या जोरावर खालच्या बागायतदाराचा मुलगा शेतकीचा पदवीधर होणार, आणि ज्याचे खाचर बुडाले त्याचा मुलगा पुण्यास हॉटेलात कपबशा विसळणार किंवा शिरवळच्या कारखान्यात कंत्राटावर उभा राहणार, हा न्याय कोणत्या चावडीवर ठरला ते आम्हास कोणी सांगेल काय?

जोतीराव फुल्यांनी हे दुखणे कधीच ओळखले होते. 1882 साली हंटरसाहेबाच्या शिक्षण कमिशनपुढे त्यांनी आपले लेखी म्हणणे मांडले. सरकारच्या तिजोरीत पैसा पडतो तो रयतेच्या घामाचा, आणि विद्येवर खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या मुलांवर, हा त्यांचा मुख्य आरोप होता. खेड्यातील शाळांतून शेतकीचे शिक्षण द्यावे, त्यास लहानसे नमुन्याचे शेत जोडावे, आणि मास्तर होता होईल तो शेतकरी वर्गातून घ्यावा, ज्यास प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास कमीपणा वाटणार नाही, असे त्यांनी त्यात सुचविले. पुढच्याच वर्षीच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात तर शेतकऱ्यांची मुले परदेशच्या शेतकी शाळा पाहण्यास सरकारने पाठवावीत, इथपर्यंत त्यांची मागणी गेली आहे. हे सर्व पुण्याचे शेतकी कॉलेज स्वतंत्रपणे उभे राहण्याच्या, म्हणजे 1907 च्या, पंचवीस वर्षे आधीचे.

पुढे 1968 साली राहुरीस कृषी विद्यापीठ झाले. त्यास जोतीरावांचे नाव आहे, अकोल्याच्या विद्यापीठास पंजाबराव देशमुखांचे, दापोलीच्या विद्यापीठास बाळासाहेब सावंतांचे, परभणीच्या विद्यापीठास वसंतराव नाईकांचे. नावे सगळी आपलीच आहेत. दरवाजावर नाव जोतीरावांचे आणि दरवाजाबाहेर जोतीरावांची लेकरे, अशी ही मौज आहे.

आता कोणी शहाणा म्हणेल की दरवाजा तर सताड उघडा आहे. बारावी विज्ञान व्हा, सीईटी द्या, गुण मिळवा, आत या. हा शहाणा बहुधा हिर्डोशीस कधी आलेला नसतो. आमचा मुलगा बुद्धीने मार खात नाही. तो दहावी आणि बारावी यांच्यामधल्या दोन वर्षांत मरतो. विज्ञान शिकण्यास भोर गाठावे लागते. रोज जावे तर वरंध घाटाकडील रस्ता आणि एसटीचा भरवसा. पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद. राहावे तर खोलीचे भाडे आणि खानावळ. बापाची सगळी कमाई म्हणजे चार महिन्यांचे भात आणि एक दुभती म्हैस. वर्गात बसावे तर काल मराठीत शिकलेले आज सारे इंग्रजीत. आणि परीक्षा तरी कशी? शाळेच्या पुस्तकावर नव्हे, क्लासच्या गाइडावर निघणारी. जोतीरावांच्या वेळी शेतकऱ्यास नाडणारे शेटजी आणि भटजी असे दोघे होते. आता तिसरे क्लासजी आले आहेत, आणि हे कोणत्याही जातीचे असतात, आपल्याही! दोन वर्षांचा त्यांचा आकार ऐकून बाप म्हणतो, जाऊ दे, पोरा, आयटीआय कर. आयटीआय वाईट आहे असे नव्हे. पण पोराने ती निवडलेली नसते.

दुसरा आक्षेप आमच्याच घरातून येतो, आणि तो अधिक बाधतो. म्हणे, शेतीच करावयाची तर कॉलेज कशास पाहिजे? बाप-आजा कोणत्या कॉलेजात गेले होते? तर ऐका. आपण जो इंद्रायणी तांदूळ खातो व विकतो तो काही आभाळातून पडला नाही. आंबेमोहर 157 आणि आयआर-8 यांचा संकर करून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने तो 1987 साली दिला. त्यातला आंबेमोहर मावळच्या कुणब्यांनी पिढ्यान् पिढ्या ओंबी निवडून जपलेला. म्हणजे अर्धे ज्ञान आमच्या कणगीतले आणि अर्धे प्रयोगशाळेतले. दोन्ही मिळून पीक वाढले. मग त्या प्रयोगशाळेत आपला माणूस नको काय? चारसूत्री भातलागवड घ्या. तूस-पेंढा परत खाचरात घालावा, गिरिपुष्पाचा पाला गाडावा, दोरीवर ठरल्या अंतराने लावणी करावी, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये खोचाव्या. कागदावर सोपे आहे. पण भर पावसात, इरले पाठीवर, गडी-बाया मिळत नाहीत, अशा वेळी दोरी कोण धरणार? ज्याने स्वतः लावणी केली आहे तोच अधिकारी हे विचारील आणि त्यावर तोड काढील. राब भाजू नका असे सांगणारे पुष्कळ येतात. राब आम्ही का भाजतो, तणाचे बी त्याने कसे मरते, आणि न भाजता रोप जोमदार करावयाचे तर काय करावे, हे सांगणारा आमच्यातलाच शिकून आला पाहिजे.

आणि शेतकी म्हणजे केवळ नांगरट नव्हे. अन्नशास्त्र हीही त्याचीच एक शाखा आहे. परभणीस त्याचे स्वतंत्र कॉलेज 1976 पासून चालू आहे. 2023 हे साल जगभर भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हापासून शहरात नाचणीच्या बिस्किटास फार मान आला. ज्या नाचणीच्या भाकरीवरून आमच्या पोरांना शाळेत हसत, तीच आता चकचकीत पुड्यात बसून आमच्याच दुकानात येते. नाचणी आमची, पुडा दुसऱ्याचा, नफा तिसऱ्याचा. हिरडा, करवंद, जांभूळ, फणस यांचेही तसेच. कातकऱ्याची म्हातारी कडू कंद राखेत उकडून आणि वाहत्या पाण्यात ठेवून त्याचे विष घालविते. ही विद्या तिला कोणी पुस्तकातून दिलेली नाही. तिची नात जर अन्नशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभी राहिली तर त्या शास्त्रास ती काही नवे देईल की नाही? पण ती नात नववीतच शाळा सोडते आणि आईबापांबरोबर कोळसाभट्टीवर किंवा वीटभट्टीवर जाते. तिच्यावाचून शास्त्राचेही नुकसान आहे.

आमचे म्हणणे नवलाचे वाटत असेल तर अमेरिकेकडे पाहा. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती तेथील गुलामांना मुक्त करू पाहणाऱ्या लोकांना, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्या देशाने 1862 साली कायदा करून सरकारी जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नावर शेतकी व कारागिरी शिकविणारी कॉलेजे काढविली. पण काळ्या लोकांस त्यांत शिरकाव मिळेना. तेव्हा 1890 साली दुसरा कायदा झाला, की एकतर काळ्या मुलांस आत घ्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळे कॉलेज काढा. त्या कायद्याखालची एकोणीस कॉलेजे आजही चालू आहेत. गुलामाच्या पोटी जन्मलेला जॉर्ज कार्व्हर रंगामुळे एका कॉलेजाच्या दारातून परत फिरविला गेला. पुढे आयोवाच्या शेतकी कॉलेजाने त्यास घेतले. 1896 पासून तो टस्कीगीस शिकवू लागला, आणि 1906 साली घोडागाडीवर अवजारे व बियाणे लादून शाळाच शेतकऱ्याच्या बांधावर नेली. वीणा गवाणकरांचे त्याच्यावरील पुस्तक आपल्याकडे घरोघर वाचले गेले. डोळेही ओले झाले. डोळे पुसून झाल्यावर आपल्या वाडीतल्या कार्व्हरास भोरला खोली कोणी घेऊन दिली?

खोली आणि जेवण, खरी मेख येथेच आहे. शाहू छत्रपतींना ती कळली होती. म्हणून 1902 च्या जागांच्या हुकुमाच्या आधी, 1901 सालीच, कोल्हापुरात त्यांनी बोर्डिंग काढण्यास आरंभ केला. भाऊराव पाटलांना ती कळली होती. म्हणून साताऱ्यास 1924 साली निघालेल्या त्यांच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसत, शेतात राबत आणि शिकत. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. बायाबापड्यांनी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूस काढावे, असा मुष्टिफंड रयत शिक्षण संस्थेने चालविला. त्या मुठीतून केवढी संस्था उभी राहिली ते सांगावयास नको.

सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे खोटे होईल. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयम्, अल्पभूधारक व मजुरांच्या मुलांसाठी पंजाबरावांच्या नावाचा वसतिगृह भत्ता, अशा योजना आहेत. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मागास व आर्थिक दुर्बल वर्गांच्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली, हेही चांगले झाले. परंतु फी माफ झाली म्हणून पोट माफ होत नाही. खानावळवाला महिन्याच्या पहिल्या तारखेस पैसे मागतो आणि भत्ता वर्ष सरता सरता येतो. ज्याच्या घरी उसने देणारा पाहुणा नाही त्याने मधले महिने काय खावे? भत्ता जूनमध्ये हाती पडला पाहिजे, आणि तो अकरावीपासून मिळाला पाहिजे, ही आमची पहिली मागणी.

दुसरी सातबाऱ्याविषयी. शेतकऱ्याच्या मुलास शेतकी कॉलेजच्या प्रवेशात काही जादा गुणांचा आधार देण्याची पद्धत आपल्या विद्यापीठांत चालत आलेली आहे. ती योग्यच आहे. पण तिची ओळख सातबारा! सातबारा सांगतो मालक कोण. राबतो कोण ते सांगत नाही. पुण्याच्या डॉक्टरने आमच्या डोंगरात बंगल्यापुरते चार गुंठे घेतले की तो सातबारावाला शेतकरी ठरतो. ज्याचा सातबारा धरणाच्या तळाशी गेला, जो दुसऱ्याचे रान वाट्याने करतो, जी बाई जन्मभर लावणी-कापणी करून एका उताऱ्यावर नावाने नाही, त्यांच्या लेकरांनी काय दाखवावे? हातावरचे घट्टे? राबणाऱ्याच्या मुलास ग्रामसभेच्या दाखल्यावर तोच आधार मिळावा.

सरकारास दोन शब्द सांगितले. आता घरच्यांस चार सांगू द्या. लग्नाच्या वरातीत डीजेपुढे नाचण्यास आपल्याजवळ पैसा असतो. जत्रेत तमाशा कोणत्या गावाचा मोठा यावर चढाओढ लागते. देवळास नवा कळस पाहिजे, वर्गणी दोन दिवसांत जमते. वाडीतल्या एका पोरीस बारावी करण्यास मात्र साऱ्या भावकीचा हात खिशात अडकतो. पोरगी शिकून परक्याच्या घरी जाणार, हे रडगाणे तर बंदच करा. भाताचे बी ती निवडते, नाचणी ती दळते, गोठा तिच्यावर चालतो. शेतकीचे शास्त्र तिने शिकावयाचे नाही तर कोणी?

कोणी म्हणतील, शेतकीचे पदवीधर शेवटी पुण्याच्या अभ्यासिकेत बसून फौजदार नाहीतर बँकेचे साहेबच होतात. होतात खरे, आणि त्यांस दोष देणे सोपे आहे. पण ज्याच्या डोक्यावर चार वर्षांचे कर्ज आहे तो आधी पगार पाहणार. कर्जाशिवाय शिकलेला मुलगाच रोपवाटिका, भात गिरणी, नाचणीचा कारखाना असल्या धंद्यात हात घालण्याची छाती करील.

तेव्हा हिशेब मांडून ठेवतो. वाढत्या पोरास दिवसाला अर्धा किलो तांदूळ धरा. दहा महिन्यांचे तीनशे दिवस, म्हणजे दीडशे किलो. हिर्डोशीपासून भोरपर्यंतच्या गावांतून शंभर घरांनी सुगीस प्रत्येकी पंधरा किलो भाताचा तांदूळ काढला तर दीड हजार किलो होतो, दहा मुलांचे वर्षाचे अन्न. डाळ, मीठ, तेल आणि खोलीभाडे यास रोकड लागेल. ती पुण्या-मुंबईस नोकरीस असलेल्या आपल्या मावळकरांनी द्यावी. दहा मुले कोणती घ्यावयाची ते मास्तरांनी ठरवू नये, सरपंचांनीही ठरवू नये. ज्या घरात आजवर कोणी बारावी झाले नाही ते घर आधी, त्यातही मुलगी आधी, आणि पंगत एक. पंगतीची अट ज्यास मान्य नसेल त्याचा तांदूळ आम्हास नको.

धान्य गोळा करण्यास प्रत्येक गावातून दोन माणसे असावीत, त्यांत एक बाई. वही उघडी ठेवावी, ज्यास वाटेल त्याने ती येऊन पाहावी. दिवाळीनंतर खळी उरकली की आम्ही शाळा सुटल्यावर घरोघर निघणार आहोत. पहिली गोणी आमच्या घरची लिहून ठेवली आहे. दुसरी कोणाची, ते कळवावे.

— हिर्डोशी येथील एक मराठी शाळामास्तर