बीडीएसचा पर्याय भरण्याआधी

नीटचा निकाल लागला की मंडळाच्या कार्यालयात दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो. एमबीबीएसला लागतील इतके गुण नाहीत, बीडीएस मिळू शकतं, घ्यावं का? डिंडोलीहून आलेले एक काका आम्हाला सरळ म्हणाले, "दातना डॉक्टर बी डॉक्टरच शे ना भाऊ?" आहेच. पण शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीला आम्ही विचारलं, बेटा, दातांच्या दवाखान्यात कधी गेली आहेस का? ती म्हणाली, एकदा, दाढ दुखत होती तेव्हा.

चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, आणि खाजगी कॉलेज असेल तर घरचे काही लाख रुपये. एवढं ज्या कामासाठी घालायचं, ते काम मुलांनी खुर्चीत आ वासून बसल्याशिवाय पाहिलेलं नसतं. त्यात सुरतेत दहावी-बारावी झालेल्या मुलांना महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात सहसा धरत नाहीत, कारण तिथे दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून दिलेल्या लागतात. धुळ्यात मामाचं घर आहे, तिथे डेंटल कॉलेजही आहे, या हिशोबावर बरेच पालक विसंबतात आणि ऐनवेळी अडकतात. मग जे मिळेल ते घाईघाईत भरलं जातं.

अमेरिकेत बारावीनंतर थेट दंतवैद्यक नसतं. आधी कॉलेजचं शिक्षण, मग चार वर्षांचं डेंटल स्कूल. अर्ज करताना बरीच स्कूल विचारतात की दंतवैद्याचं काम शेजारी उभं राहून किती तास पाहिलंत. याला तिकडे शॅडोइंग म्हणतात. तिथल्या प्रवेशपरीक्षेत आकृत्या मनातल्या मनात फिरवून ओळखायचा भाग असतो, आणि कॅनडात तर बरीच वर्षं साबणाची कांडी कोरून दाखवावी लागे. आपल्या नीटमध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र. हाताची पारख होते ती प्रवेश झाल्यावर, पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरताना. १९४८ च्या जुन्या कायद्याच्या जागी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. त्यात बाहेर पडतानाच्या परीक्षेची तरतूद आहे. आत शिरताना काम पाहिलंय का, हे अजूनही कुणी विचारत नाही.

उधन्यात हे जरा विचित्रच वाटतं. इथे लूमच्या खात्यात नवा कारागीर घेताना त्याचा हात आधी बघतात. आणि मुलांच्या आयुष्याचं काम आपण न बघता ठरवतो.

पंधरा दिवस एखाद्या दवाखान्यात उभं राहिलं तर काय दिसतं? वरच्या दाढेचं काम बऱ्याचदा छोट्या आरशात उलटं बघून करावं लागतं. रूट कॅनालला तासभर मान वाकवून बसावं लागतं, आणि पाठदुखी हा या धंद्याचा सोबती आहे. आपल्या भागात तंबाखू-सुपारीमुळे तोंड तीन बोटंसुद्धा उघडत नाही असे पेशंट येतात. त्यांना औषधाआधी समजावणं लागतं, तेही मराठी, गुजराती आणि हिंदीत. कवळीचे पैसे हप्त्याने चालतील का, यावर डॉक्टर आणि आजीबाई पंधरा मिनिटं बोलतात. खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे यांचा खर्च स्वतःच उभा करावा लागतो. यातलं काहीच बारावीच्या पुस्तकात नाही.

आता अडचण दवाखाना मिळण्याची. ज्यांच्या घरात किंवा नात्यात डॉक्टर आहे, त्यांच्या मुलांना हे सगळं जेवताना ऐकायला मिळतं. आपल्याकडच्या बहुतेकांना ओळख म्हणजे पेशंट म्हणून जेवढी असेल तेवढीच. डॉक्टरही सहज हो म्हणत नाहीत. खोली लहान असते, पेशंट संकोचतो, मुलगा कशाला हात लावील ही भीती असते. ही भीती योग्यच आहे. पेशंटच्या तोंडाला किंवा हत्यारांना हात लावायचा नाही, पेशंटची परवानगी डॉक्टरांनी आधी घ्यायची, एक्स-रेच्या वेळी बाहेर थांबायचं, फोटो काढायचे नाहीत, ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. हे मुलाने आधीच लिहून दिलं, शाळेचं किंवा मंडळाचं पत्र नेलं आणि "सर, रोज संध्याकाळी दोन तास, दहा दिवस" असं मोजकं मागितलं, तर नकार कमी मिळतात असा आमचा अनुभव आहे. पहिल्या दिवशी आई किंवा वडील सोबत गेलेले बरे. सरकारी रुग्णालयातल्या दंतविभागासाठी अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज करावा. परवानगी मिळेलच असं धरून चालू नये.

दातांच्या लॅबमध्येही एक दिवस जावं. कॅप आणि कवळ्या तिथे बनतात, आणि ज्याला हातकाम आवडतं पण पेशंट नकोत, त्याला तिथे वेगळीच वाट दिसू शकते.

अकरावीची सुट्टी यासाठी सगळ्यात चांगली. ती हुकली तर नीटची परीक्षा आणि पर्याय भरणं यांच्या मधले आठवडे आहेतच. ते दिवस सहसा कट-ऑफच्या चर्चेत जातात.

डिंडोलीच्या त्या मुलीने सहा दवाखाने विचारले, चार ठिकाणी नकार मिळाला. पाचव्या ठिकाणी ती बारा संध्याकाळी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी दाढ काढताना तिला चक्कर आली. बाहेर येऊन पाणी प्यायली आणि परत आत गेली. तिने बीडीएस भरलं. दुसऱ्या एका मुलाने चौथ्याच दिवशी सांगितलं की दिवसभर लोकांच्या तोंडात बघणं मला जमणार नाही. तो आता फार्मसीला आहे. वडील अजून थोडे नाराज आहेत.

सभासदांमध्ये आणि त्यांच्या ओळखीत जे दंतवैद्य आहेत, त्यांनी वर्षाला एका मुलाला दहा दिवस उभं राहू द्यावं, एवढी मंडळाची विनंती आहे. तयार असलेल्यांनी कार्यालयात नाव द्यावं. मुलांना पत्र आणि नियमांचा कागद आम्ही देऊ.