नाव आणि कर्तृत्व

घराणे मोठे की कर्तृत्व, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. ब्रिटिश आरमारातील ‘आर्क रॉयल’ या नावाचा इतिहास या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे.

या नावाची पहिली नौका १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराशी लढताना इंग्रजांची प्रमुख नौका होती. पण १६०८ मध्ये तिचे नाव बदलले, आणि पुढे तीनशेहून अधिक वर्षे हे नाव कुणालाच लाभले नाही. १९१४ मध्ये ते मिळाले कुणाला? मालवाहू म्हणून बांधायला घेतलेल्या एका बोटीला! आरमाराने ती अर्धवट असतानाच विकत घेऊन विमाने नेणारी नौका केली. तिसरीवरच्या जुन्या धाटणीच्या विमानांनी मे १९४१ मध्ये बलाढ्य ‘बिस्मार्क’चे सुकाणू निकामी केले. पाचवी मात्र २०११ मध्ये निवृत्त होऊन भंगारात गेली. थोर नाव तिला वाचवू शकले नाही.

नावाचा अभिमान जरूर असावा, पण ते राखायचे असते कामाने. ‘तुमच्या घरात आधी कोण शिकले?’ हा प्रश्न आमच्यासारख्या, घरातून प्रथमच कॉलेजची पायरी चढणाऱ्यांना वारंवार ऐकावा लागतो. त्या मालवाहू बोटीला तरी कुठे पूर्वज होते?