नक्षी नव्हे, सांगाडा

परवा इंग्लंडहून भाचीने एका खेड्यातल्या पबचा फोटो पाठवला. पब म्हणजे आपल्याकडचा गुत्ताच, पण मी पाहत बसलो ती इमारत. वूस्टरशरमधल्या ब्रेटफोर्टन गावची 'फ्लीस इन'. पंधराव्या शतकातले शेतकऱ्याचे घर, १८४८ पासून पब. पांढऱ्या भिंतीवर काळ्या लाकडांच्या उभ्या-आडव्या पट्ट्या. खाली भाचीने लिहिले होते, "मामा, नक्षी किती छान ना?"

अगं, ती नक्षी नाही, तो घराचा सांगाडा आहे! सगळे ओझे ओकच्या खांबांवर आणि तुळयांवर. मधल्या भिंती नुसत्या भरलेल्या. जुन्या पद्धतीत काटक्या विणायच्या आणि वर माती-शेण लिंपायचे. आपल्या मावळातला कारवीचा कूड तो हाच.

आपला वाडाही याच हिशोबाचा. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, त्यावर तुळई, त्यावर कडीपाट. घर मोजायचे ते खणांवर, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरावर. भिंतीच्या पोटातसुद्धा खांब दडवलेले असत. त्यामुळे माती ढासळली तरी माडी उभी राही, आणि कुजलेला खांब टेकू देऊन बदलता येई. पुण्याचा विश्रामबागवाडा पाहा, म्हणजे कळेल.

लाकडाचा वैरी म्हणजे आग. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, दगड तेवढे उरले. फ्लीसचे गवती छप्परही २००४ मध्ये जळाले. त्यांनी दुरुस्त करून पुढच्या वर्षी पुन्हा उघडले. शेवटच्या मालकीणबाई लोला टॅप्लिन यांनी १९७७ मध्ये मरताना ते घर नॅशनल ट्रस्टला देऊन ठेवले होते.

तळेगावातल्या आमच्या वाड्याला आग लागली नाही. आम्ही पाच भावंडांनी सह्या केल्या. (भावंडांनो, रागावू नका, पहिली सही माझीच होती.) 'मोडकळीस आला' असे आम्ही सगळ्यांना सांगत होतो. खरे तर माती पडली होती, दोन खांब कुजले होते. बाकीचे खणखणीत होते, म्हणून तर लाकूडवाल्याने लगेच रोख मोजली.

मागच्या वर्षी हायवेवरच्या एका हॉटेलात तसेच खांब दिसले. वर सिमेंटचा स्लॅब, खांबांवर कसलेच ओझे नाही, नुसती शोभा. आमचेच असतील असे नाही. तरी एकाला हात लावून पाहिला.

तुमच्यापैकी कुणाचा वाडा अजून उभा असेल, तर सही करण्याआधी एखादा जुना सुतार बोलवा. तळखड्यापाशी खांब ठोकून पाहायला सांगा. कुजतो तो बहुधा तिथेच, आणि तेवढाच तुकडा बदलता येतो.