'शतकाचे स्वप्न' आणि त्यातून वगळलेली माणसे: थ्री गॉर्जेस धरणाचा इतिहास

१/
चोंगचिंगहून निघालेले पर्यटकांचे जहाज यिचांगपर्यंतच्या तीन-चार दिवसांच्या प्रवासात यांगत्से नदीच्या तीन घळया पार करते: चुतांग, वू आणि शिलिंग. अखेरच्या टप्प्यात प्रवाशांना बसने नेऊन थ्री गॉर्जेस धरण दाखवले जाते. या सहलीची छायाचित्रे समाजमाध्यमांवर झळकली की त्यांखाली एक वाक्य हमखास उमटते: 'तिथे कोणी विरोध केला नाही, म्हणून एवढे मोठे काम झाले.' हा थ्रेड त्या एका वाक्याविषयी आहे. #थ्रेड #इतिहास

२/
ते वाक्य खोटे आहे. या धरणाला चीनमध्ये १९५० च्या दशकापासून विरोध झाला. आणि तो करणाऱ्यांत जलविद्युत खात्याचे अधिकारी होते, जलशास्त्राचे प्राध्यापक होते, अभियंते होते, खुद्द राष्ट्रीय लोकसभेचे सदस्यही होते. त्या विरोधाचे पुढे काय झाले, हा खरा प्रश्न.

३/
आधी अधिकृत कथा. १९१९ मध्ये सुन यत्-सेन यांनी धरणाची कल्पना मांडली, १९४४ मध्ये अमेरिकी अभियंता जॉन सॅव्हेज याने जागेची पाहणी केली, १९५६ च्या एका कवितेत माओने घळयांमधल्या धरणाचे चित्र रंगवले आणि १९९० च्या दशकात राष्ट्राचे 'शतकाचे स्वप्न' साकार होऊ लागले. ही मांडणी मोठी सोयीची आहे. तिच्यात निर्णय कोणी घेतलेलाच नसतो! स्वप्न होते, ते पुरे झाले, इतकेच. निर्णयच नाही म्हटल्यावर त्याला नकार देणारे तरी कुठून येणार?

४/
सुन यत्-सेन यांच्या मांडणीत मुख्य हेतू होता नौकानयन सुधारण्याचा आणि जलशक्ती वापरण्याचा. सॅव्हेजचा आराखडा राष्ट्रवादी सरकारसाठी होता. तो १९४७ मध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत गुंडाळला गेला. या तुकड्यांना एका सुतात ओवण्याचे काम नंतरचे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा सरळ रेषा दिसल्या की थबकावे.

५/
गरज मात्र काल्पनिक नव्हती. १९३१, १९३५ आणि १९५४ चे यांगत्सेचे महापूर भीषण होते. १९५४ मध्ये तीस हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर यांगत्से खोरे नियोजनाचे प्रमुख लिन यिशान यांनी महाकाय धरणाचा आग्रह धरला. त्यांच्यासमोर उभे राहिले ली रुई, जलविद्युत खात्यातील वरिष्ठ अधिकारी.

६/
जानेवारी १९५८, नाननिंग. माओने दोघांना समोरासमोर बसवून वाद ऐकला. ली रुई यांचे म्हणणे थोडक्यात असे: पुरासाठी आधी मधल्या खोऱ्यातील बांध मजबूत करा, उपनद्यांवर लहान धरणे बांधा, एवढी वीज घेणारा उद्योग आज देशात नाही आणि एवढा पैसाही नाही. माओला हा युक्तिवाद इतका पटला की त्याने ली रुई यांना आपले सचिव नेमले. म्हणजे, 'चीनमध्ये वाद होतच नाही' हेही खरे नाही. वाद झाला, आणि विरोधकाने तो जिंकला.

७/
पुढच्याच वर्षी लुशानच्या बैठकीनंतर 'महान झेप'वरील टीकाकारांची जी गच्छंती झाली, तीत ली रुई सापडले. ही शिक्षा धरणासाठी नव्हती, हे नोंदवले पाहिजे. परंतु परिणाम तोच: या धरणाचा सर्वांत जाणकार टीकाकार वीस वर्षे व्यवस्थेबाहेर फेकला गेला. त्यांतली सुमारे आठ वर्षे छिनचंग तुरुंगात. १९७९ मध्ये पुनर्स्थापित झाल्यावर त्यांनी पुन्हा तोच विरोध सुरू केला. २०१९ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी, ते वारले.

८/
दुसरे नाव हुआंग वानली यांचे, छिंगह्वा विद्यापीठातील जलशास्त्राचे प्राध्यापक. १९५७ मध्ये पीत नदीवरील सानमेनशिया धरणाच्या चर्चेत ते जवळजवळ एकटे उभे राहिले. गाळ वरच्या अंगाला साचेल, वेइ नदीचे खोरे बुडेल. निदान तळातील दरवाजे तरी बुजवू नका, अशी त्यांची मागणी होती. दरवाजे बुजवले गेले. १९६० मध्ये पाणी अडवले, आणि दोनेक वर्षांतच गाळाने धरणाची वापरपद्धती बदलायला लावली. पुढे तेच दरवाजे पुन्हा फोडून उघडावे लागले.

९/
तोवर हुआंग यांच्यावर 'उजवा' असा शिक्का बसला होता आणि त्यांचे अध्यापन बंद झाले होते. १९९० च्या दशकात त्यांनी थ्री गॉर्जेसविरुद्ध वरिष्ठ नेतृत्वाला पत्रामागून पत्रे लिहिली. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. जलाशय भरण्याला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता.

१०/
ऑगस्ट १९७५. हेनान प्रांतात वादळी पावसाने बानछिआओ धरण फुटले आणि त्याच्यासह आसपासची डझनावारी धरणे गेली. अधिकृत आकडा सुमारे २६ हजार मृत्यूंचा. रोगराई व उपासमार धरून केलेले अंदाज त्याच्या कित्येक पट. ही दुर्घटना अनेक वर्षे गुप्त ठेवली गेली. ज्या देशाला आपली धरणे कशी फुटली हेच ठाऊक नाही, तो पुढच्या धरणावर चर्चा करणार कशी? 'विरोध नव्हता' म्हणणाऱ्यांनी आधी माहिती कोणाकडे होती, हे विचारावे.

११/
१९८६ ते ८८ दरम्यान ४१२ तज्ज्ञांनी प्रकल्पाचा अभ्यास केला. त्यांतल्या नऊ जणांनी अहवालावर सही करण्यास नकार दिला. १९८९ च्या प्रारंभी पत्रकार दाई छिंग यांनी अशा विरोधी तज्ज्ञांच्या मुलाखती व लेख 'यांगत्से! यांगत्से!' या पुस्तकात एकत्र केले. त्याच वसंतात सरकारने प्रकल्प पाच वर्षे पुढे ढकलल्याचे जाहीर केले.

मग ४ जून उजाडला. तिआनआनमेननंतर दाई छिंग यांना अटक झाली. सुमारे दहा महिने त्या छिनचंगमध्येच होत्या. पुस्तकावर बंदी आली. ढकललेला प्रकल्प पंतप्रधान ली पेंग यांच्या पुढाकाराने पुन्हा पटलावर आला.

१२/
३ एप्रिल १९९२. राष्ट्रीय लोकसभेत मतदान: बाजूने १७६७, विरोधात १७७, तटस्थ ६६४, २५ जणांनी मतच नोंदवले नाही. जी सभा एरवी एकमुखाने हात वर करते, तिच्यातले जवळजवळ एक तृतीयांश सदस्य या प्रस्तावामागे उभे राहिले नाहीत. हा आकडा 'कोणी विरोध केला नाही' या वाक्यापुढे नुसता ठेवला तरी पुरे.

१३/
यावर उत्तर तयार असते: 'असेल विरोध, पण त्याला जुमानले नाही म्हणून तर देश पुढे गेला, आपल्याकडे मात्र आंदोलने.' मराठी वाचकाला ही तुलना नवी नाही. १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांना हेच ऐकवले गेले. पण तारखा पाहाव्यात. थ्री गॉर्जेसच्या मतदानानंतर दोनच महिन्यांनी, जून १९९२ मध्ये, सरदार सरोवरावरील मोर्स समितीचा अहवाल आला. त्याने पुनर्वसन व पर्यावरण या दोन्ही बाबींवर ठपका ठेवला. १९९३ मध्ये जागतिक बँकेचे कर्ज थांबले.

सरदार सरोवर तरीही उभे राहिले. म्हणजे विरोधाने धरण अडते, हे भयही फारसे खरे नाही. त्या विरोधामुळे जे झाले ते असे: नंदुरबारच्या मणिबेलीसारख्या गावांची नावे सरकारी कागदात, न्यायालयात आणि वर्तमानपत्रात नोंदली गेली. जमिनीच्या बदल्यात जमीन मागता आली. ती सर्वांना मिळाली नाही, हा वेगळा आणि लाजिरवाणा विषय.

१४/
यांगत्सेवर विस्थापितांची संख्या अधिकृतपणेच सुमारे १३ लाख आहे. काहींना चढावर वसवलेल्या नव्या नगरांत हलवले, काहींना शेकडो किलोमीटर दूरच्या प्रांतांत. फेंगजिए हे जुने नगर २००२ मध्ये सुरुंग लावून पाडले गेले. जिया झांगके या दिग्दर्शकाचा 'स्टिल लाइफ' हा चित्रपट याच पडक्या नगरात चित्रित झाला आणि २००६ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह जिंकून गेला. घणाने आपलेच गाव फोडणारी माणसे कशी दिसतात, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जहाजाच्या माहितीपत्रकाऐवजी तो पाहावा.

१५/
आता पर्यटनाकडे. १९९० च्या दशकात याच मार्गावर 'निरोपाच्या सहली' विकल्या गेल्या: घळया बुडण्यापूर्वी एकदा पाहून घ्या! पाणी चढल्यावर त्याच मार्गावर शांत सरोवराच्या सहली विकल्या जाऊ लागल्या. एकाच जागेचे मरण आणि त्याच जागेचे सौंदर्य, दोन्हींची तिकिटे.

१६/
पर्यटकाला जे दिसते तो नदीचा प्रवाह नव्हे, ६०० किलोमीटरहून लांब फुगवटा आहे. पूर्वी यांगत्से उन्हाळ्यात फुगे आणि हिवाळ्यात आटे. आता पूर सामावून घेण्यासाठी उन्हाळ्यापूर्वी पातळी १४५ मीटरवर उतरवतात आणि हिवाळ्यात १७५ पर्यंत चढवतात. नदीचे ऋतूच उलटे झाले. मधला ३० मीटरचा पट्टा दोन्ही काठांवर उघडाबोडका दिसतो.

पूर्वीच्या घळया अस्पर्श होत्या असे मात्र कोणी समजू नये. चुतांगच्या तोंडावरचा कुप्रसिद्ध यानयु खडक नावाड्यांचा काळ होता. तो १९५८-५९ मध्येच उडवण्यात आला. नदी बदलण्याला कोणाचा सरसकट विरोध नव्हता.

१७/
धरणाचे लाभही नाकारण्याचे कारण नाही. २२,५०० मेगावॉट क्षमता, सुमारे २२ अब्ज घनमीटर पूरसाठा, आणि चोंगचिंगपर्यंत मोठ्या मालवाहू जहाजांची वाट. गाळाविषयीची विरोधकांची भीती आजवर तरी पूर्ण खरी ठरलेली नाही. वरच्या अंगाला झालेल्या नव्या धरणांनी बराच गाळ अडवला. २०१९ मध्ये फिरलेले 'धरण वाकले' हे उपग्रहचित्र म्हणजे निव्वळ प्रतिमेतील दोष होता. ते पुढे ढकलणाऱ्यांनी विरोधकांचे नुकसानच केले.

१८/
परंतु २००३ च्या जूनमध्ये पाणी १३५ मीटरवर आले आणि जुलैत चिगुई परगण्यात डोंगरकडा कोसळून २४ जण मृत वा बेपत्ता झाले. मे २०११ मध्ये खुद्द चीनच्या मंत्रिमंडळाने मान्य केले की विस्थापितांची उपजीविका, पर्यावरण आणि भूस्खलन हे प्रश्न तातडीने सोडवावे लागतील. विस्थापन आणि ठिसूळ काठ हे मुद्दे विरोधकांनी धरणापूर्वीच मांडले होते. निवेदन आले ते जलाशय भरल्यानंतर.

१९/
शेवटी एक जागा. फुलिंग शहरासमोर नदीपात्रात बायहलियांग नावाची सुमारे १६०० मीटर लांबीची खडकाची धार होती. थांग काळापासून तिच्यावर मासे कोरलेले. हिवाळ्यात पाणी पुरेसे उतरले की दगडी मासे उघडे पडत आणि लोक ते चांगल्या पिकाचे लक्षण मानत. दर पिढीतले अधिकारी आणि कवी होडीने तिथे जात. त्या वर्षी पाणी माशांच्या किती खाली आहे ते खडकात कोरून येत. बाराशे वर्षांच्या नीचतम पातळ्यांची ही नोंद, माणसांनी हाताने ठेवलेली.

२०/
आता हिवाळ्यातच पाणी सर्वांत जास्त असते, त्यामुळे ते मासे कधीही उघडे पडणार नाहीत. २००९ मध्ये तिथे पाण्याखालचे संग्रहालय सुरू झाले. चोंगचिंगहून फुलिंगला जमिनीवरूनही जाता येते. संग्रहालयात सरकत्या जिन्याने नदीच्या तळाशी उतरायचे आणि जाड काचेच्या गोल झरोक्यांतून दिव्यांच्या उजेडात खडक पाहायचा. मासे अजून तिथेच आहेत. शेजारच्या नोंदींत नवी भर पडत नाही.